गोळीच्या आधी एक गाणे

संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजले की डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या अनेक घरांतले वातावरण बदलू लागते. दुपारपर्यंत शांत बसलेल्या आजी उठतात, पिशवी शोधतात, दाराची कडी काढू पाहतात. 'मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल,' असे पुन्हा पुन्हा म्हणतात. मुलुंड किंवा बोरिवलीच्या ज्या दोन खोल्यांत त्या उभ्या असतात, तिथेच त्यांची तीस वर्षे गेलेली असतात आणि त्यांच्या आईला जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात. सून समजावते, 'अहो आई, हेच तुमचं घर आहे.' त्याने घालमेल कमी होत नाही, उलट वाढते. आवाज चढतो, शेजारचे दार उघडते. मुलगा लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत सून रडकुंडीला आलेली असते. मग पुढच्या वेळी ओपीडीत एकच मागणी होते : 'डॉक्टर, यांना शांत ठेवणारी एखादी गोळी द्या.'

या मागणीत गैर काही नाही. रात्रंदिवस एका माणसाला सांभाळणाऱ्या कुटुंबाची ती गरज असते. पण त्या गोळीची किंमत कुटुंबाला ठाऊक असायला हवी आणि गोळीकडे वळण्याआधी घरात काय काय करून पाहता येते, हेही ठाऊक असायला हवे. त्या करून पाहण्याजोग्या गोष्टींपैकी एक म्हणजे संगीत. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि साधन बहुतेक घरांत आधीपासूनच असते. मात्र 'म्युझिक थेरपीने स्मृती परत येते' असे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांवर विसंबून सुरुवात केली तर पदरी निराशा येण्याचीच शक्यता जास्त. संगीताकडून नेमके काय मागायचे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

गोळीची किंमत

दिवस मावळताना वाढणाऱ्या या अस्वस्थतेला वैद्यकात 'सनडाउनिंग' म्हणतात. दिवसभराचा थकवा, कमी होत जाणारा उजेड, भिंतीवरच्या लांब सावल्या, मेंदूतल्या जैविक घड्याळातला बिघाड हे सारे तिच्या मुळाशी असते. नेमकी त्याच वेळी घरात लगबग सुरू होते. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका, मुलांचा अभ्यास, दारावरची बेल. आजूबाजूला काय चालले आहे याचा अर्थ लावण्याची मेंदूची ताकद कमी झालेल्या माणसाला हा गलबला झेपत नाही.

अशा वेळी दिली जाणारी काही औषधे अँटिसायकॉटिक गटातली, म्हणजे मुळात गंभीर मनोविकारांसाठी तयार झालेली असतात. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना ही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. त्याशिवाय अंग ताठरणे, तोल जाऊन पडणे, गिळायला त्रास होणे आणि पक्षाघात हे धोके आहेतच. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भासांनी भेदरून गेला असेल, तर हे धोके पत्करूनही औषध द्यावे लागते. कमीत कमी मात्रा, ठरावीक मुदत आणि मध्ये मध्ये फेरतपासणी, अशी त्याची पद्धत आहे. चालू असलेली गोळी घरच्यांनी परस्पर बंद करणेही धोक्याचे असते. पण केवळ संध्याकाळची येरझार थांबावी म्हणून पहिला उपाय गोळी हा नसावा, यावर जगभरच्या तज्ज्ञांचे बहुतांशी एकमत आहे.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता नाही. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला 'लासी-डॅड' हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांची देखभाल घरीच होते आणि ती करणारी बहुधा बायको, मुलगी किंवा सून असते.

नावे विसरतात, चाल आठवते

नातवाचे नाव आठवत नाही, सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण गणपतीची आरती सुरू झाली की तोंडातून एकेक शब्द बिनचूक बाहेर पडतो. डिमेन्शिया असलेल्या कितीतरी घरांत हे दिसते आणि घरचे बुचकळ्यात पडतात. काहींना तर शंका येते की, 'आरती आठवते, मग बाकीचे विसरण्याचे नाटक तर नाही?'

ते नाटक नसते. स्मृती ही एका कपाटात ठेवलेली एकच वस्तू नाही. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. जगातल्या एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्ण या प्रकारात मोडतात. त्यात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो. नवी माहिती साठवणे, आज काय घडले ते लक्षात ठेवणे ही कामे या भागावर अवलंबून असतात. वर्षानुवर्षे घोटलेली चाल, ताल, टाळ्यांचा ठेका यांची साठवण मात्र मेंदूत निराळ्या ठिकाणीही झालेली असते.

जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे कोणते भाग काम करतात, हे त्यांनी आधी निरोगी तरुणांच्या मेंदूच्या प्रतिमांवरून शोधले. मग अल्झायमरच्या रुग्णांत त्या भागांची अवस्था कशी आहे, ते पाहिले. मेंदूच्या मध्यभागातले हे पट्टे बाकीच्या मेंदूच्या तुलनेत बरेच कमी झिजलेले आढळले. म्हणजे आरती म्हणणाऱ्या आजोबांच्या मेंदूत आजार नाही असे नव्हे. आजार तिथवर अजून पुरता पोचलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरा एक अभ्यास सांभाळणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवण्यात आल्या. थोड्याच वेळात चित्रफितीत काय होते ते बहुतेकांना सांगता येईना. पण ती पाहताना जे दुःख किंवा आनंद वाटला, तो त्यानंतरही टिकून राहिला. घटना पुसली गेली, भावना राहिली. सकाळी कोणी रागाने ओरडले हे आजी विसरतात, पण त्यातून आलेली भीती दुपारपर्यंत अंगात राहते. तसेच गाणे ऐकले हे विसरले, तरी त्यातून आलेला निवांतपणा काही काळ सोबत करतो. रोजच्या देखभालीत संगीताचा खरा उपयोग इथे आहे.

अपेक्षा किती ठेवावी?

वैद्यकातल्या वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून त्यांची काटेकोर छाननी करणारी 'कॉक्रेन' ही संस्था आहे. संगीत आणि डिमेन्शिया या विषयावरची तिची ताजी समीक्षा २०२५ मध्ये आली. १५ देशांतले ३० अभ्यास आणि १७२० रुग्ण त्यात आहेत. निष्कर्ष असा की, संगीतावर आधारलेल्या सत्रांनी उदासीनता बहुधा थोडी कमी होते आणि वर्तनाच्या एकूण तक्रारींतही फरक पडू शकतो. स्मरणशक्ती किंवा आकलन मात्र सुधारत नाही. अस्वस्थता आणि आक्रमकपणा यांवरही सरासरीने ठोस परिणाम दिसत नाही. सत्रे थांबल्यावर फायदा किती टिकतो, याविषयी खात्री देता येत नाही.

हेडफोनवर प्रत्येकाच्या आवडीची गाणी ऐकवण्याचा उपक्रम अमेरिकेत बराच गाजला. तिथल्या ५४ शुश्रूषागृहांत त्याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार रुग्णांच्या अस्वस्थ वागण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

याउलट फिनलंडमधल्या हेलसिंकी इथला २०१४ चा अभ्यास आशा वाढवणारा आहे. त्यात रुग्ण आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती अशा ८९ जोड्या होत्या. काहींना दहा आठवडे रोजच्या व्यवहारात गाणी गायला शिकवले, काहींना गाणी ऐकवायला शिकवले, उरलेल्यांची नेहमीची देखभाल चालू राहिली. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही गटांची मनःस्थिती सुधारली, जुन्या आठवणी थोड्या बऱ्या झाल्या. गाणाऱ्या गटात तर सांभाळणाऱ्यांनाही बरे वाटू लागले.

हे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत असे वाटेल. पण शेकडो रुग्णांची सरासरी काढली की एकाला झालेला फायदा आणि दुसऱ्याला झालेला त्रास एकमेकांत मिसळून जातात. म्हणूनच घरातल्या एका माणसासाठी संगीत उपयोगी आहे का, याचे उत्तर घरातच, त्या माणसाकडे बघूनच शोधावे लागते. दोन आठवडे नेटाने करून पाहायचे. उपयोग झाला तर चालू ठेवायचे, नाही झाला तर सोडून द्यायचे. त्यात कोणाचा दोष नसतो.

गाणे कोणाच्या आवडीचे?

बहुतेक घरांत पहिली गफलत इथेच होते. 'वृद्ध माणूस आहे, भजने लावू या,' असे ठरवून दिवसभर यूट्यूबवर भक्तिसंगीत चालू ठेवले जाते. आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेल्या आजोबांना त्याचा काय उपयोग?

दहा ते पंचवीस-तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवतात, असे स्मृतीच्या अभ्यासातून वारंवार दिसले आहे. त्यामुळे यादी करताना सोपा हिशेब करावा. १९४२ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीसाठी १९५२ ते १९७० या काळात शोधायचे. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात वर्षभर आठवड्यामागून आठवडा ऐकवली गेली आणि रेडिओ असलेल्या घरात शेजारीपाजारी जमत असत. रेडिओ सिलोनवरची 'बिनाका गीतमाला' १९५२ ची, विविध भारती १९५७ ची. आज ऐंशीच्या घरात असलेल्यांचे कान या आवाजांवर तयार झाले आहेत.

पण काळ जुळला तरी घर जुळायला हवे. मुंबईच्या उपनगरांत एका मजल्यावर चार भाषांचे चार दरवाजे असतात. घाटकोपर, मुलुंडच्या गुजराती आजींना गरबा किंवा जैन स्तवने जवळची. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या आजीला कोळीगीत हवे. मरोळ, अंबोलीच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत त्यांच्या मराठी बोलीतली लग्नगीते आणि चर्चमधली गाणी असतात. रमाबाई आंबेडकर नगरातल्या आजोबांचे डोळे वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांनी चमकतील. गिरणगावातून उपनगरात आलेल्या जुन्या कामगाराने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमरशेख, अण्णा भाऊ साठे यांना मैदानावर ऐकलेले असू शकते. कोकणातून आलेल्याला दशावतारातली गाणी आठवत असतील. मधल्या आयुष्यात बोललेली भाषा मागे पडून लहानपणची भाषा वर येणे डिमेन्शियात अनेकदा घडते. म्हणून घरात आज मराठी बोलत असतील, तरी जन्म मंगळुरूचा किंवा भुजचा असेल तर तिथली गाणी ऐकवून पाहावीत.

चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-कल्याणच्या गाड्यांत डबा पकडून टाळ वाजवत भजने म्हणणारी मंडळे अनेक पिढ्यांनी पाहिली आहेत. अशा मंडळात वीस-तीस वर्षे काढलेल्या निवृत्त माणसाच्या हातात टाळ द्यावेत. त्याला मंडळाचे नाव सांगता येणार नाही, पण हात ठेका धरण्याची शक्यता बरीच असते. नुसते ऐकण्यापेक्षा हाताला काम मिळाले तर माणूस अधिक काळ गुंतून राहतो.

यादी लांबलचक नको. पंधरा-वीस गाणी पुरतात. भावंडे, जुने शेजारी, ऑफिसातले सहकारी यांना फोन करून विचारावे. एकेक गाणे लावून चेहऱ्याकडे बघावे. ओठ हलतात का, पाय ठेका धरतो का, कपाळावरच्या आठ्या सैल होतात का? एका वहीत गाणे, वेळ आणि प्रतिक्रिया, एवढे लिहून ठेवले तर आठवडाभरात कोणती गाणी ठेवायची आणि कोणती काढायची ते आपोआप कळते.

गाणे कधी लावायचे?

दिवसभर पार्श्वभूमीला वाजत राहणाऱ्या संगीताचा फायदा होत नाही. थोड्या वेळाने तो नुसता आवाज उरतो आणि थकलेल्या मेंदूवर आणखी एक ओझे होते. गाणे दिवसातल्या विशिष्ट कामाला आणि वेळेला जोडले पाहिजे.

संध्याकाळच्या घालमेलीसाठी अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक लिंडा गर्डनर यांनी एक साधी पद्धत सुचवली आहे. अस्वस्थता रोज साधारण किती वाजता शिगेला पोहोचते ते आधी टिपायचे आणि त्याच्या सुमारे अर्धा तास आधी त्या माणसाच्या आवडीचे संगीत सुरू करायचे. साडेपाचला आजी दाराकडे जात असतील, तर पाचलाच गाणे सुरू व्हायला हवे. एकदा आरडाओरडा सुरू झाल्यावर लावलेले गाणे बहुधा भर घालते. त्याच वेळी खोलीतला दिवा लावावा, टीव्ही बंद करावा, चहा-बिस्किटे हातात द्यावीत. वीस ते तीस मिनिटे पुरेशी होतात.

आंघोळ हे डिमेन्शियाच्या देखभालीतले सर्वांत अवघड काम. परका हात अंगाला लागतो, पाणी अंगावर येते, थंडी वाजते आणि कपडे का काढले जात आहेत ते कळत नाही. मग ओरडणे, मारणे, चावणे सुरू होते. स्वीडनमध्ये ईवा गोटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सकाळच्या शुश्रूषेत एक वेगळी गोष्ट केली. आंघोळ, कपडे करताना परिचारिकांनी रुग्णासाठी किंवा रुग्णाबरोबर ओळखीची गाणी स्वतः गायली. एरवी 'हात वर करा, इकडे वळा' अशा सूचनांचा भडिमार होत असे. गाताना सूचना कमी झाल्या, तरी रुग्णांचे सहकार्य वाढले. बोललेल्या वाक्याचा अर्थ लागत नसतानाही ठेक्याबरोबर अंग हलत होते. हे करायला आवाज गोड असण्याची गरज नाही. बाथरूममध्ये मोबाइल नेण्यापेक्षा सुनेने किंवा मावशींनी गुणगुणलेले चार सूर अधिक उपयोगी पडतात.

जेवताना गाण्यातले शब्द लक्ष विचलित करू शकतात. तेव्हा सनई, बासरी, सतार असे संथ वाद्यसंगीत बरे. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना घास तोंडात असताना गायला लावू नये, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. रात्री अंथरुणावर आवाज हळूहळू कमी करत न्यावा आणि बंद करावा. रात्रभर चालू ठेवू नये.

आज उपनगरांतल्या अनेक घरांत ब्युरोमार्फत आलेली मावशी किंवा मुलगी बारा तास रुग्णाजवळ असते. तिचे गाव वेगळे, पिढी वेगळी. तिला ही गाणी ठाऊक असायचे कारण नाही. म्हणून यादी आणि वेळा कागदावर लिहून फ्रीजवर लावाव्यात, गाणी एका जुन्या मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर भरून ठेवावीत. मधूनमधून जाहिराती येणारे अ‍ॅप टाळावे. गाण्यात रंगलेल्या आजोबांच्या कानावर एकदम कर्जाची जाहिरात आदळली की पुढची वीस मिनिटे फुकट जातात.

सावधानता

आधी कान तपासून घ्यावेत. वृद्धांच्या कानात मळ साचून ऐकू कमी येणे अतिशय सामान्य आहे आणि ते पालिकेच्या दवाखान्यातही तपासता येते. श्रवणयंत्र असेल तर बॅटरी बघावी. ऐकू कमी येणे हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा एक घटक असल्याचे 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ च्या अहवालातही नोंदवले आहे. ऐकू येत नाही म्हणून आवाज भरमसाट वाढवू नये. हेडफोनमुळे काही जण एकाग्र होतात, तर काही घाबरून ते उपटून काढतात. जबरदस्ती करू नये. दहीहंडी आणि गणपतीच्या दिवसांत रस्त्यावरच्या भोंग्यांचा आवाज घरात घुसतो, तेव्हा खिडक्या लावून रुग्णाला आतल्या खोलीत बसवणे, हेच त्या दिवसाचे संगीतोपचार समजावेत.

गाणे ऐकून डोळ्यांत पाणी आले तर लगेच बंद करण्याचे कारण नाही. हात हातात घेऊन बसावे. कित्येकदा ते रडणे मोकळे करणारे असते. पण श्वास जोरात होऊ लागला, माणूस कोणाला तरी हाका मारू लागला, गाण्याने एखाद्या मृत्यूची किंवा आपत्तीची आठवण उसळली असे वाटले, तर गाणे थांबवावे आणि यादीतून कायमचे काढावे. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या काही रुग्णांना संगीताचा एकाएकी अतोनात नाद लागतो, तर काहींना पूर्वी आवडणारे संगीत नकोसे होते. दोन्ही लक्षणे डॉक्टरांना सांगावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ संगीताने झाकू नये. काल बोलत असलेली व्यक्ती आज ग्लानीत आहे, भलतेच बरळते आहे, तर त्यामागे लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातले सोडियम कमी होणे, कुठले तरी दुखणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध असू शकते. याला 'डिलिरियम' म्हणतात. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. वेळेत उपचार मिळाले तर हा गोंधळ बऱ्याचदा उतरतो.

घराबाहेरची साथ

डिमेन्शियाचे निदान झाले की कुटुंब माणसाला हळूहळू घरात कोंडते. 'चारचौघांत काही बोलले तर?' ही भीती असते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. तो वाट चुकून एका माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतो. त्याची विद्वत्ता किंवा त्याचे नाव यातले काही ठाऊक नसताना ती मंडळी त्याला आहे तसा स्वीकारतात. संगीत तशी जागा घराजवळ मिळवून देऊ शकते. सोसायटीतले भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा गाण्याचा कार्यक्रम, चर्चमधले गायन इथे शब्द चुकले तरी कोणी परीक्षा घेत नाही. जाण्याआधी दोघा-तिघांना आजाराची कल्पना द्यावी, दाराजवळची जागा धरावी आणि कंटाळा दिसला की उठावे.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ मध्ये स्थापन झालेली संस्था कुटुंबांना माहिती आणि आधार देते. डिग्निटी फाउंडेशन, सिल्व्हर इनिंग्ज यांसारख्या संस्थांनी मुंबई परिसरात या रुग्णांसाठी काम केले आहे. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या मनोविकार व मेंदूविकार विभागांत निदान आणि उपचार होतात. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटू लागला, तर 'टेलिमानस'चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या 'एल्डरलाइन'चा १४५६७ हे केंद्र सरकारचे निःशुल्क क्रमांक आहेत.

दोन आठवड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. अस्वस्थता कोणत्या वेळी होते, कशाने वाढते, कोणत्या गाण्याने ती दहा मिनिटे तरी लांबते, हे त्या पानांवर असेल तर गोळी लागेल की नाही आणि लागली तर किती, हे ठरवणे डॉक्टरांनाही सोपे जाते. काही घरांत गोळी लागेलच. काही घरांत ती टळेल, काहींत तिची मात्रा कमी ठेवता येईल. आजार पुढे सरकत राहील आणि आज ओठांवर येणारे गाणे काही वर्षांनी येणार नाही. तोवर दर संध्याकाळी एक अर्धा तास भांडणाशिवाय गेला, तरी तो आजींच्या आणि सुनेच्या अशा दोघींच्याही वाट्याला आलेला असतो.